डाव्या पायाचं काम

जुलै २०२४ मधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, सांवेरच्या थोडं पुढे, धो धो पाऊस. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो होतो आणि समोरच्या टचस्क्रीनवर कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरताना बघत होतो. शेजारी बाबा बसले होते. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते आणि त्यांना इंदूरहून उज्जैनला घरी आणत होतो. मागे आई, तिच्या मांडीवर औषधांची पिशवी.

गाडी माझी नव्हती. आमच्या अल्टोत बाबांना पाय लांब करता आला नसता, म्हणून एका मित्राने त्याची नवीकोरी गाडी दिली होती. केवढी गाडी ती! छत उघडतं, सीट गार होते, बोललं तर उत्तर देते. पण पावसात आतून काचेवर वाफ धरली आणि ती घालवायचं बटण मला सापडेना. सापडणार कसं? बटण नव्हतंच. ते स्क्रीनच्या आत, एसीच्या पानावर, एका छोट्या चित्राखाली होतं, आणि नेमकं त्या क्षणी स्क्रीनने स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं. समोरून ट्रकचे दिवे, काच दुधाळ, आणि मी आंधळा.

बाबा शांतपणे म्हणाले, "काच खाली कर." दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली केल्या, त्यांनी खिशातला रुमाल काढून समोरची काच पुसली. मिनिटभरात दिसायला लागलं. आम्ही थोडे भिजलो, इतकंच.

पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली लागली, अर्थातच मागचे दिवे नसलेली. मी ती चुकवायला बाजूला वळलो तर स्टेअरिंगनेच मला परत आत ओढलं. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडतोय, म्हणून गाडी मला 'मदत' करत होती. ट्रॉली बाजूने निघून गेली, पण त्या ओढीने हाताला बसलेला झटका मला अजून आठवतो. घरी पोचल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "गाडी चांगली आहे, पण तुझ्याशी भांडते."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर ऑफिस, आठवड्यातून तीन दिवस जाणं-येणं. त्यामुळे लोकांना वाटतं की जेवढी जास्त फीचर्सची गाडी, तेवढा मी खूश. होतं उलटं. सॉफ्टवेअर कसं तयार होतं ते मी रोज आतून बघतो. शुक्रवारी संध्याकाळी "हे एवढं राहू दे, पुढच्या अपडेटमध्ये बघू" असं मीसुद्धा म्हटलेलं आहे. आमच्या ॲपमध्ये चूक राहिली तर माणूस वैतागून पान पुन्हा उघडतो. ऐंशीच्या वेगात असलेल्या माणसाकडे पान पुन्हा उघडायला वेळ नसतो.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. 'वी बिलॅगारे' नावाच्या स्वीडनमधल्या मोटार मासिकाने २०२२ साली एक प्रयोग केला. विमानाच्या धावपट्टीवर, ताशी ११० किलोमीटर वेगात, चालकाने चार साधी कामं करायची: थंडीत सीट गरम करणं आणि काचेवरची वाफ घालवणं, रेडिओचं ठरावीक केंद्र लावणं, अशा प्रकारची. आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळही दिला होता. नव्या टचस्क्रीनवाल्या गाड्यांबरोबर त्यांनी २००५ सालची एक जुनी बटणांची व्होल्वो ठेवली होती. व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत ४४.६ सेकंद लागले, म्हणजे जवळजवळ पावणेचौदाशे मीटर. आपल्या फ्रीगंजच्या टॉवरपासून चालायला लागा आणि सव्वा किलोमीटरहून जास्त जा. तेवढं अंतर, नजर अर्धी रस्त्यावर आणि अर्धी स्क्रीनवर.

युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था आहे. तिनेही जाहीर केलं की जानेवारी २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी, हाताला लागणारी कळ हवी. वाफ घालवायची कळ त्या यादीत नाही. असती तर त्या रात्री मला फार समाधान वाटलं असतं!

आता आमच्या अल्टोबद्दल. फेब्रुवारी २०१० मध्ये घेतलेली, एमपी-१३, पांढरी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पाच गेअर, खिडक्यांना फिरवायचे हँडल. इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटरसुद्धा नाही, गेअर कधी बदलायचा ते कानाने ऐकायचं. मी तेव्हा बीईच्या तिसऱ्या वर्षाला होतो. बाबा बँकेत होते आणि ही त्यांची पहिली स्वतःची गाडी, पन्नाशी ओलांडल्यावर घेतलेली. ते स्वतः गाडी शिकले होते सत्तरच्या दशकात, मुंबईला, मामांच्या फियाटवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, पुढे पद्मिनी नावाने सगळ्या मुंबईची टॅक्सी झालेली ती गाडी. तिचा गेअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा ती बातमी बाबांनी कापून ठेवली. कापून, हो. आमच्याकडे अजून पेपर येतो.

मला त्यांनी दसरा मैदानावर शिकवलं. पहिले तीन रविवार ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. फक्त क्लच. "हळूहळू सोड. गाडी जिथे थरथरते ना, तिथे थांब. ती जागा पायाला कळली पाहिजे." क्लच म्हणजे तरी काय, इंजिन आणि चाकं यांच्या मध्ये दोन चकत्या. पाय दाबला की त्या वेगळ्या होतात, सोडला की चिकटतात, आणि मधल्या त्या बोटभर अंतरात त्या एकमेकींवर घासत घासत वेग जुळवतात. हाफ क्लच म्हणतात तो हाच. चौथ्या रविवारी मला फ्रीगंजच्या ओव्हरब्रिजच्या चढावर नेऊन गाडी थांबवायला लावली, मागे टेम्पो, आणि म्हणाले, "आता मागे न जाता काढ." घाम फुटला. इंजिन दोनदा बंद पडलं. टेम्पोवाल्याने जे काही ऐकवलं ते आपल्या या मासिकात छापता येणार नाही.

नोकरी लागल्यानंतरच्या वर्षी त्याच पुलावर, उताराच्या बाजूला, क्लचची वायर तुटली. पेडल सरळ खाली जाऊन बसलं. मी बाबांना फोन केला, म्हटलं, टोइंगवाल्याला बोलावतो. ते म्हणाले, "कशाला? इंजिन बंद कर. पहिला गेअर टाक. आता समोर रस्ता मोकळा बघ आणि सेल्फ मार." मारला. गाडी सेल्फच्या मोटरवरच दोन-तीन हिसके देत पुढे सरकली आणि चालू झाली. "आता ॲक्सिलरेटर सोडल्यासोड गेअर न्यूट्रलला ओढ. सहज येईल. जरा थांब. आवाज खाली आला की दुसऱ्यात ढकल. जबरदस्ती नको करू, तो स्वतः आत घेतो." आणि खरंच, जराशी खरखर करून त्याने घेतला. सिग्नल आला की इंजिन बंद, सुटला की पुन्हा पहिल्या गेअरमध्ये सेल्फ. अशा तऱ्हेने मी विनाक्लच देवास गेटच्या मिस्त्रींकडे पोचलो. त्यांनी नवी वायर टाकली, काही शे रुपये घेतले आणि चहा पाजला. (हा प्रयोग रोज करू नका, गेअरबॉक्सला ते मानवत नाही. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही.)

त्या दिवसापासून ती गाडी माझी झाली असं मी मानतो. कारण ती कशी चालते ते मला कळलं होतं आणि मोडल्यावरही तिच्याशी बोलता येत होतं. माझ्या लॅपटॉपबद्दल मी हे म्हणू शकत नाही, आणि मी त्यावरच पोट भरतो.

इथवर वाचून काही काकांना वाटेल की वा, पोरगा आपल्यातला आहे, जुनं ते सोनं. तर थांबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अल्टोला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायचं, की गाडी काढून नवी घ्यायची, हा प्रश्न घरात आला. मी अर्थातच नूतनीकरणाच्या बाजूने. फी पाच हजार, फिटनेस तपासणी, पुढची पाच वर्षं चिंता नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या सहा वर्षांच्या लेकीकडे बघत म्हणाली, "साधेपणाची हौस तुझी. मागच्या सीटवर बसते ती."

मला उत्तर देता आलं नाही, कारण मला आकडे माहीत होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लहान गाड्यांचे सर्वांत साधे, एअरबॅग नसलेले प्रकार ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून बघितले होते. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे. त्यात आमच्या अल्टोची धाकटी बहीण होती, म्हणजे आमच्यानंतर आलेलं मॉडेल. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१९ मध्ये, चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी. आमच्या गाडीत दोन्ही नाही.

आणि एबीएस हे काय आहे? सॉफ्टवेअरच. ओल्या रस्त्यावर तुम्ही घाबरून ब्रेक दाबून धरता, चाक जागीच अडकून घसरणार तेवढ्यात तो संगणक ब्रेक सोडतो-धरतो, सेकंदाला अनेकदा, म्हणजे स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं. कोणताही माणूस पायाने हे करू शकत नाही. खरं सांगायचं तर आमची अल्टोही अगदी अडाणी नाही, तिच्यात पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणकच ठरवतो. पंधरा वर्षांत त्याने मला एकदाही काही विचारलं नाही. माझा राग संगणकावर नव्हताच. तो होता माझं लक्ष मागणाऱ्या संगणकावर. एबीएस गप्प बसून आपलं काम करतो, स्क्रीन मात्र 'माझ्याकडे बघ' म्हणते. एवढं स्वतःशी कबूल करायला मला बायकोच्या त्या एका वाक्याची गरज पडली.

म्हणजे ठरलं: नवी गाडी, सहा एअरबॅग, एबीएस, पण एसीला फिरवायच्या कळा, छत बंद आणि गेअर हाताचा. विक्रम व्यापार मेळ्यात वाहन करावर पन्नास टक्के सूट होती, त्यामुळे अर्धं उज्जैन तिथेच होतं. तुमच्यापैकी कितीतरी जण भेटले. विक्रेता मुलगा गोड होता. प्रत्येक गाडीपाशी तो आधी स्क्रीन दाखवायचा, मग सनरूफ. मी विचारलं, "मे महिन्यात उज्जैनमध्ये छत कोण उघडतं?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, उघडत कोणीच नाही. पण विचारतात सगळे."

मी हाताच्या गेअरच्या गाडीत बसून बघितली. क्लच हलका, गेअर लोण्यासारखा. बाबांना म्हटलं, तुम्हीही बसून बघा. ते बसले. डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग पाय उचलून बाजूला ठेवला आणि बाहेर बघत म्हणाले, "छान आहे. घे."

ऑपरेशनला आठ महिने होत आले होते. चालणं सुधारलं होतं, रामघाटाच्या पायऱ्या उतरून ते सावकाश चढतही होते. पण क्लच नाही. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. ते गाडी काढत नाहीत याचा अर्थ त्यांना कंटाळा येतो, असा मी सोयीस्कर समज करून घेतला होता. आईने त्या दिवशी परतताना रिक्षात सांगितलं की मधे एकदा मी ऑफिसला असताना त्यांनी अल्टो फाटकापर्यंत नेली होती आणि तिथूनच परत लावली. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला होता, तो दोघांनी माझ्यापासून लपवला.

गाडी चालवण्याबद्दल मला जे काही येतं ते ज्या माणसाने शिकवलं, त्यालाच माझ्या आवडीच्या गाडीत जागा नव्हती. हँडल फिरवायच्या खिडक्यांचं मला कौतुक, कारण माझा खांदा दुखत नाही. या सगळ्या साधेपणाला दोन धडधाकट पाय लागतात, हे मी कुठेच धरलं नव्हतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि तीच गाडी एएमटीमध्ये घेतली. हा प्रकार मला इंजिनिअर म्हणून आधी तुच्छ वाटायचा. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओतून तो आपल्याकडे आणला. त्यात वेगळा, महागडा ऑटोमॅटिक गेअरबॉक्स नसतो. गेअरबॉक्स तोच, हाताच्या गाडीतला, क्लचच्या चकत्याही त्याच. फक्त क्लच दाबायला आणि गेअर टाकायला एक यंत्र बसवलेलं असतं. थोडक्यात, डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम करायला नोकर ठेवलेला. म्हणून गाडी स्वस्तात बसते. म्हणूनच पहिल्यातून दुसऱ्या गेअरमध्ये जाताना ती क्षणभर दम खाते आणि आतल्या सगळ्यांच्या माना डोलतात.

बाबांनी पहिली फेरी घरापासून कोठी रोडपर्यंत मारली. मी शेजारी. पहिल्या चौकात त्यांचा डावा पाय आपोआप उचलला जाऊन हवेत क्लच दाबत होता. दुसऱ्या चौकात गेअर बदलला, माना डोलल्या. बाबांनी भुवई वर केली. "कुणीतरी क्लच दाबतंय माझ्याऐवजी," ते म्हणाले, "आणि त्याला नीट येत नाही." मग थोड्या वेळाने, "ॲक्सिलरेटर जरासा सोडला त्या वेळी, तर?" आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना त्यांनी तसा सोडला. मान डोलली नाही. गेअर लोण्यासारखा पडला. विनाक्लच गाडी घरी आणायची युक्ती त्यांनी मला फोनवर शिकवली होती, तीच आता ते त्या यंत्राला शिकवत होते.

अल्टो विकली नाही. पाच हजार भरून २०३० पर्यंत तिचं आयुष्य वाढवून घेतलं. बायकोशी तह असा की लेकीला त्यात बसवायचं नाही आणि गाडी हरिफाटकाच्या पलीकडे, हायवेवर न्यायची नाही. सिंहस्थासाठी इंदूर रोड सहापदरी होतोय, तिथला वेग तिला झेपणारही नाही. रविवारी सकाळी मी एकटा तिच्यातून पोहे-जिलबी आणायला जातो. आणखी एक. स्कूटरपलीकडे काही न चालवणाऱ्या बायकोने नव्या गाडीवर हात बसल्यावर एके दिवशी स्वतःहून अल्टोची किल्ली मागितली. तिला दसरा मैदानावर बाबाच नेतात. शेजारच्या सीटवर बसून शिकवायला गुडघा लागत नाही.

चैत्रात चिंतामण गणपतीची जत्रा असते, दर बुधवारी. दरवर्षी मी ऑफिसमधून सुट्टी काढून आईबाबांना घेऊन जायचो. या वर्षी सुट्टीचा अर्ज भरत होतो तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे. आम्ही दोघं जाऊन येतो." सकाळी सातला निघाले, साडेनऊला परत. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो, गाडीचा आवाज आला म्हणून खिडकीतून बघितलं. बाबांनी ती अल्टोच्या शेजारी उलटी, एका दमात, मागच्या कॅमेऱ्याकडे न बघता मान वळवून लावली. आईने प्रसादाचा नारळ घेऊन दार उघडलं तशी गाडीने टिंग टिंग सुरू केलं.

"कशी झाली फेरी?" मी वरून विचारलं.

"मस्त. गर्दी होती, पण काही त्रास नाही." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "आता भांडत नाही. बोलते मात्र फार."